नरसव्वा आणि बारा पाळणे

नरसव्वाबद्दल एका जागी बसून सांगणं मला आजवर जमलेलं नाही. सांगायला लागलो की उठतो, खोलीत फेऱ्या मारतो, आणि सून आतून म्हणते, "मामंजी गेले वाटतं गिरणीत." म्हणू दे. ज्या बाईनं दहा वर्षांत मला एक दिवस स्वस्थ बसू दिलं नाही, तिच्याबद्दल स्वस्थ बसून बोलायचं तरी कसं?

मी सोलापुरातल्या एका गिरणीत हजेरीबाबू होतो. कुठली गिरणी ते सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही. मूळचा मी माळशिरसकडचा. आमच्याकडे तेव्हा वेळ म्हणजे ऊन ओट्याच्या कुठल्या पायरीवर आलं एवढंच. सोलापूरला आलो आणि पहिल्यांदा पहाटेचा भोंगा ऐकला तेव्हा मला वाटलं, कुठंतरी आग लागली. पाचव्या दिवसापासून भोंग्याच्या आधीच जाग यायला लागली. ती खोड अजून गेली नाही. गिरणी सुटून इतकी वर्षं झाली तरी साडेपाचला मी टक्क जागा, आणि मग दिवसभर चिडचिड. माणसाचा स्वभाव, स्वभाव म्हणतात ना, त्यातला निम्मा कुणीतरी बाहेरून वाजवलेला असतो असं माझं पक्कं मत आहे. वाद घालायचा असेल तर आधी नरसव्वाची गोष्ट ऐका आणि मग घाला.

माझ्याकडे रिळिंग खात्याची हजेरी होती. रीळ म्हणजे मोठी फिरती चौकट. कांडीवरचं सूत तिच्यावर उतरवायचं आणि त्याच्या लड्या करायच्या. त्या लड्या मग गावातल्या हातमागवाल्यांकडे जात. खात्यात साठ बाया. निम्म्या तेलुगू विणकरांच्या घरातल्या, काही अक्कलकोटकडच्या कानडी बोलणाऱ्या, काही मुसलमान, उरलेल्या आमच्यासारख्या खेड्यांतून आलेल्या मराठी. या साठजणींवर नरसव्वा नायकीण. बाई कामावर घ्यायची तिनं, शिकवायची तिनं, आणि माल कमी पडला की साहेबापुढं उभं राहायचं तेही तिनंच.

पन्नाशीची असेल. अंगानं काटक, कपाळावर हिरवं गोंदण, नवरा कधीच गेलेला. अंगावर नेहमी मुलानं घरच्या मागावर विणलेलं जाड लुगडं. रिळांच्या दोन रांगांमधून ती सारखी हिंडत असायची आणि हिंडताना उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत असायची. हातात सूत नसलं तरी. मी विचारलं तर म्हणाली, "बोटाला सवय हाय बाबू, त्याला कुठं सांगू सूत संपलं म्हणून?"

आता हिची मोठी गंमत सांगतो. या बाईला चार भाषा येत, आणि प्रत्येक भाषेत ती निराळी बाई होती. कानडीत ती पक्की व्यवहारी. फाटकावर भाजीवाली आली की कानडीत अशी घासाघीस करायची की ती बिचारी मेथीबरोबर कोथिंबीर फुकट देऊन सुटका करून घ्यायची. यंत्रांना तेल घालणारा कासिमचाचा म्हणून एक म्हातारा होता, त्याच्याशी ती दखनी उर्दूत बोले, आणि दखनीत तिला हसू फुटे. पदर तोंडात कोंबून हसायची, डोळ्यांतून पाणी काढायची. मराठीत मात्र आग्यावेताळ. आणि साहेबापुढं चारही भाषा बंद. तिथं फक्त "जी".

आश्चर्य म्हणजे तेलुगू बायांनासुद्धा ती मराठीत शिव्या द्यायची. तेलुगू ती फाटकाबाहेर ठेवूनच आत येई. एकदा मी म्हणालो, "नायकीणबाई, आपल्या माणसांशी आपल्या भाषेत बोलावं की."

ती म्हणाली, "तेलुगूत बोललं की ती माझी भाची होतीय बाबू. भाचीला कसं म्हणू, मेले, सूत का नासलीस? मराठीत ती नुसती बाई. मराठीत रागवायला बरं पडतंय."

आमच्या मायमराठीवर हा आळ! मला भयंकर राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की मी स्वतः शिपायावर ओरडताना मोडकं इंग्रजी फाडतो. 

एकदा एक नवी पोर आली, सोळा-सतरा वर्षांची. घरी हातमाग. बापाच्या मागासाठी कांड्या भरण्यात लहानाची मोठी झालेली, त्यामुळे बोटं अशी चालायची की जुन्या बाया बघत राहिल्या. पहिल्या दिवशी तिनं नायकिणीला विचारलं, "आज किती करायचं?" नरसव्वानं आकडा सांगितला. दुपारी तीनला पोरीनं तेवढ्या लड्या करून रांगेत ठेवल्या, हात धुतले, डबा घेतला आणि निघाली घरी! फाटकवाल्यानं अडवलं तर रडायला लागली. म्हणे, काम झालं, आता का कोंडता? घरच्या मागावर काम झालं की माणूस उठतो. तिला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. ओरडा होणार म्हणून आम्ही सगळे टपून बसलो होतो. नरसव्वानं तिला हाताला धरून परत रिळापाशी आणलं आणि म्हणाली, "हितं काम संपत न्हाय बाई. हितं फक्त येळ संपतो." दुसऱ्या आठवड्यापासून ती पोर बाकीच्यांइतक्याच लड्या करायला लागली, एकही जास्त नाही. कुणी शिकवलं नाही तिला. आपोआप शिकली.

आता मूळ गोष्टीकडं येतो. यायला नको वाटतं, पण येतो.

खात्यात तान्ही पोरं असत. घरी सांभाळायला कोण? सासू असली तर तीही दुसऱ्या गिरणीत. मग बाया पोरांना घेऊन यायच्या आणि टोपलीत चिंध्या घालून रिळांच्या खाली, पायापाशी ठेवायच्या. अंगावर कापसाचा भुगा पडायचा, वर चौकट फिरायची, आणि पोरं आपली शांत. मी नवा होतो तेव्हा मला याचं फार कौतुक. आमच्याकडची काशी म्हणून एक बाई होती, माळशिरस तालुक्यातलीच, म्हणून माझा तिच्यावर जरा जीव. तिचा नवरा दुसऱ्या गिरणीतून कमी झालेला, घरात चार तोंडं, आणि हात चालणारी ती एकटी. तिची सात महिन्यांची पोरगी टोपलीत झोपलेली बघून मी म्हणालो, "काशे, तुझी लेक लई गुणी की गं!"

काशी माझ्याकडं बघून हसली. "गुनी कसली बाबू? गोळी हाय ती."

बाळगोळी. अफू असते त्यात. गिरणीसमोरच्या दुकानात उघड मिळायची. पहाटे निघताना पोराच्या तोंडात मोहरीएवढी सारायची की दुपारपर्यंत पोर आवाज काढत नाही. ही काही चोरीछुपी गोष्ट नव्हती. तंबाखू, मिश्री, तशी गोळी. या सगळ्या बाया पोरांवर जीव टाकणाऱ्या होत्या बरं का. दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावायच्या आणि त्याच बोटानं गोळी चारायच्या. आणि एखादं पोर दिवसा मध्येच उठलं, रडायला लागलं, तर? तर नरसव्वाच्या कमरेला एक पितळी डबी होती, चुन्याच्या डबीएवढी. पोर रडलं की त्याच्या आईचा हात थांबतो, हात थांबला की माल थांबतो, आणि मालाचा जाब नायकिणीला. नरसव्वा डबी उघडायची, करंगळीवर कणभर घ्यायची, पोराच्या जिभेला लावायची. पोर गप्प.

आणि मी सांगून टाकतो, मला लाज वाटते पण सांगतो. एकदा माझी हजेरीची बेरीज चुकत होती आणि कुणाचं तरी पोर किंचाळत होतं. मी पेन्सिल आपटून ओरडलो होतो, "नायकीणबाई, ते गप्प करा आधी!" तिनं केलं. मला गोळीचं ठाऊक होतं तेव्हा.

अशी वर्षं गेली, काशीच्या टोपलीत आता धाकटी पोरगी आली, आणि वरून सरकारी पत्र आलं की गिरणीत पाळणाघर पाहिजे. गावात तेव्हा तशी रोज काही ना काही गडबड असायची. आज सभा, उद्या हरताळ, परवा कुठल्या गिरणीचं फाटक बंद. मालक लोक घाबरलेले. त्यांनी लगेच आमच्या खात्याला लागून असलेली कोठी रिकामी केली, चुना मारला, आणि बारा नवे कोरे पाळणे टांगले. सांभाळायला शेवंताबाई म्हणून दाई ठेवली. कुर्डुवाडीच्या रेल्वेवाल्यांच्या वस्तीत बाळंतपणं केलेली, हुशार बाई. बायांनी पहिल्या दिवशी तिची जात विचारली, दुसऱ्या दिवशी माहेरची विचारली, आणि तिसऱ्या दिवशी जरा निवळल्या. झालं असतं सगळं ठीक.

पण उद्घाटन करायचं ठरलं. मॅनेजरसाहेब परप्रांतातले, त्यांच्या बाईही. बाई मनानं चांगल्या होत्या, त्यांना दोष देत नाही. स्वतःच्या हातानं लेस विणून त्यांनी पाळण्यांना लावली होती. साठच्या साठ बाया दारात गोळा झालेल्या, मी पेढ्यांचं ताट धरून मागं उभा. साहेबांच्या बाई आत गेल्या, पहिल्या पाळण्याची दोरी हातात घेतली, आमच्याकडं बघून गोड हसल्या, आणि तो रिकामा पाळणा हलवायला लागल्या.

"अगं बया!" काशी ओरडली आणि तिनं पोरीचं तोंड पदरात झाकलं.

रिकामा पाळणा हलवायचा नसतो. हे सांगावं लागत नाही कुणाला. हलवला की त्यात निजणारं पोर जगत नाही. तेलुगू असो, कानडी असो, मुसलमान असो, साठजणींच्या तोंडचं पाणी एकाच वेळी पळालं. बाईंना वाटलं, यांना कौतुक वाटतंय. त्या दुसरा पाळणा हलवायला गेल्या, मग तिसरा. बारा पाळणे त्यांनी एकेक करून हलवले! मला कळत होतं. दोन पावलं पुढं होऊन "बाईसाहेब, नको" म्हणायला काय जात होतं? पण हातात ताट, समोर साहेबाची बायको. मी गप्प उभा राहिलो आणि नंतर पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरात एक पोर नाही. तिसऱ्या दिवशी नाही. शेवंता आपली दारात बसून तांदूळ निवडायची.

साहेबानं नरसव्वाला बोलावलं, मला दुभाषा म्हणून. तिला दखनी येते हे त्याला ठाऊकच नव्हतं. आठ दिवसांनी तपासणीचे अंमलदार यायचे होते. साहेबाचं म्हणणं सरळ होतं: खात्यात एकही पोर दिसता कामा नये आणि पाळणा रिकामा दिसता कामा नये. जिला पोर तिथं ठेवायचं नसेल तिनं घरी बसावं. खात्यात तान्ह्या पोरांच्या आया होत्या चौदा. मी मराठीत सांगितलं. नरसव्वा म्हणाली, "जी."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "पाळणे बदलून घेऊ."

"पाळणा बदलून काय व्हतंय? बघितलेले डोळे कसे बदलणार तुमी?"

मग चार दिवस तिनं जंग जंग पछाडलं. मराठीत शिव्या देऊन झाल्या. कानडीत समजूत घालून झाली. शेवटी म्हणाली, ज्याला जो उपाय ठाऊक असेल तो करा. केला की! मराठी बायांनी नारळ ओवाळले, लिंबं बांधली. अक्कलकोटकडच्यांनी अंगारा आणून लावला. एका मुसलमान बाईनं दर्ग्यातला दोरा आणून बाराही पाळण्यांना बांधला. तेलुगू बायांनी हळद आणि लिंबाचा पाला. पाळणे असे सजले की बारसं आहे की उतारा, तेच कळेना. सगळं झाल्यावर नरसव्वा म्हणाली, आता ठेवा पोरं. तर शेजारणीकडं बोट करून चार भाषांत एकच उत्तर: आधी तिचं ठेवू दे.

इकडं साहेबाचा माणूस दिवसातून दोनदा खात्यातून फेरी मारायला लागला. पोर दिसलं तर नाव लिहून घ्यायचा. मग बायांनी काय करावं? पोरं सुताच्या करंड्यांमागं लपवायला लागल्या. आणि लपवलेलं पोर रडता कामा नये, म्हणून गोळी वाढवली. मोहरीएवढी होती ती हरभऱ्याच्या डाळीएवढी झाली. पोरांच्या भल्यासाठी नियम निघाला आणि पोरांच्या तोंडात कितीतरी पट अफू गेली. हे मी डोळ्यांनी बघितलं आणि हजेरी मांडत बसलो.

सहाव्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली. रिळं थांबली. काशी करंडीमागं पोरीला पाजायला वाकली, आणि तिचा असा आवाज आला की माझ्या हातातला तांब्या पडला.

पोरगी उठेना. ओठ निळे, मान लोंबती. काशी नुसती "माझी बाय, माझी बाय" करत तिला हलवत होती. नरसव्वा धावली, तिनं पोरीला हिसकावून घेतलं, उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तळपायाला चिमटे काढले. शेवंता गार पाणी घेऊन पळत आली. "कितीदा दिली?" ती विचारत होती, "अगं, कितीदा दिली गोळी?"

काशी म्हणाली, "एकदाच वो! घरनं निगताना."

नरसव्वाचे हात थांबले. सकाळी साहेबाचा माणूस फेरीला आला तेव्हा पोरगी कुरकुरली होती, आणि नरसव्वानं डबीतली दिली होती. दुसऱ्यांदा.

मग शेवंतानं पोरीला घेतलं, घशात बोट घातलं, ओकवलं, पुन्हा पाणी मारलं. किती वेळ गेला कोण जाणे. एकदाची पोरगी मांजराच्या पिलासारखी बारीक रडली, मग मोठ्यानं रडली. काशीनं तिला छातीशी धरलं.

सगळ्या बाया भोवती उभ्या होत्या. नरसव्वा त्यांच्या मधोमध उभी राहिली आणि बोलायला लागली. तेलुगूत. दहा वर्षांत मी तिला त्या खात्यात तेलुगूत बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज खाली, एका सुरात, कुणाकडं न बघता. तेलुगू बाया एकेक करून खाली बसल्या. मला काही कळेना. कासिमचाचा माझ्या शेजारी तेलाची झारी घेऊन उभा होता, त्याला तेलुगू कळे. तो हळू आवाजात सांगायला लागला.

"बोलती, पैला बच्चा था उसका. ग्यारा मैने का. भोंगे के पैले गोली देको रीळ के नीचे सुलाई." तो थांबला, ऐकलं, पुढं म्हणाला, "बोलती, उस दिन बहोत खुश थी मैं. बच्चा उठ्या नै, रोया नै. दो लड्याँ जास्ती हुईं मेरी." पुन्हा थांबला. हातातली झारी त्यानं खाली ठेवली. "दोपैर कू दूध पिलाने झुकी, तो थंडा था. सबकू बोली, बुखार से गया. तीस साल वहीच बोलती आई."

तेलुगू न कळणाऱ्या बायांना शेजारणी कानात सांगत होत्या. कुणी मराठीत, कुणी कानडीत. खात्यात फक्त कुजबुज आणि काशीच्या पोरीचं रडणं. नरसव्वानं कमरेची डबी सोडली, नळाखाली धरली आणि नखानं खरवडून खरवडून धुतली.

तेवढ्यात भोंगा झाला.

आणि तुम्हाला सांगतो, सगळ्या उठल्या. डोळे पुसत उठल्या, पण उठल्या. आणि सगळ्यांच्या आधी नरसव्वाच मराठीत ओरडली, "चला गं! रिळं काय तुमच्या बापाची वाट बघत्यात?" मला तेव्हा तिचा इतका संताप आला, त्या भोंग्याचा, गिरणीचा, सगळ्याचा! पण मीही जाऊन टेबलापाशी बसलोच ना. पेन्सिल उचललीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नरसव्वा फाटकातून आली ती कडेवर पोर घेऊन. तिचा नातू, पाच महिन्यांचा. तिच्या मुलाची दोन पोरं जन्मून गेलेली, त्यावरचा हा. सून घरीच कांड्या भरायची. या पोराला गिरणीत आणायचं काही एक कारण नव्हतं. मुलानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं असं कासिमचाचा म्हणाला. सून मात्र फाटकापर्यंत मागोमाग आली होती. फाटकवाल्यानं तिला आत सोडलं नाही तर तिथंच लिंबाखाली बसून राहिली, दिवसभर. दर दोन तासांनी आत बोलावून पोराला पाजायचं एवढं नरसव्वानं फाटकवाल्याशी भांडून ठरवलं.

नरसव्वानं पोराला पाळणाघरात नेलं, आणि साहेबांच्या बाईंनी जो सगळ्यांत आधी हलवला होता नेमका त्या पाळण्यात ठेवलं. गोळी नाही, काही नाही. मग खात्यात येऊन हिंडायला लागली.

पोरानं जे भोकाड पसरलं ते पसरलं. नवी जागा, नवी माणसं. तास झाला तरी थांबेना. कोठी भिंतीला भिंत लागून, एकेक हुंदका ऐकू येत होता. बाया सूत सोडून नायकिणीकडं बघत होत्या. तिच्या हातात एक तुटलेलं सूत होतं, सांधायला घेतलेलं, आणि एरवी डोळे मिटून सांधणाऱ्या त्या बाईला तीनदा गाठ बसली नाही.

काशीला राहवेना. "अवो नायकीणबाई, जावा की! किती रडतंय लेकरू, ऐकवत न्हाय!"

"एड्वनी," नरसव्वा म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "रडू दे. रडतंय म्हंजे जित्तं हाय."

काशीनं रीळ थांबवलं. मग तिनं टोपलीतली पोरगी उचलली आणि सरळ पाळणाघरात गेली. विचारलं नाही, सांगितलं नाही. रीळ सोडून गेल्याची खूण मी करायला पाहिजे होती. मी खिडकीबाहेर बघितलं. तिच्यामागं ती मुसलमान बाई गेली, मग दोन तेलुगू. दुपारपर्यंत सात पाळणे भरले, दुसऱ्या दिवशी बारा, आणि उरलेल्या दोन पोरांना शेवंतानं झोळ्या बांधल्या.

आणि काय तो गोंगाट! चौदा पोरं, एकालाही गोळी नाही. एकानं सूर लावला की बाकीची लावायची. साहेब स्वतः तणतणत आले. "ये क्या शोर है? पहले तो बच्चे कितने शांत थे!"

"साहेब, पोरं जागी आहेत," मी म्हणालो. नोकरीच्या सबंध काळात मी साहेबाला दिलेलं हे एकच उलट उत्तर, आणि तेही त्यांना उलट वाटलं नाही.

तपासणीचे अंमलदार येऊन गेले, छान शेरा लिहून गेले. इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं, पण गिरणी थांबत नाही. पोर रडलं की आईचा हात थांबायचा, तिचा थांबला की शेजारणीचा थांबायचा. दिवसातून दोनदा पाजायला जाऊ द्यायचं असं नरसव्वानं आपल्या जिवावर सुरू केलं होतं. माल घटला. महिन्यामागून महिने घटत राहिला. साहेबानं तिला पुन्हा बोलावलं, तीनदा बोलावलं. शेवटच्या वेळी ती "जी" म्हणाली नाही. म्हणाली, "साहेब, माल कमी येतोय ते खरं हाय. आणि येणार." मी याचं भाषांतर केलं, एक शब्द न गाळता.

वर्षभरात तिच्या जागी दुसरी नायकीण आली, तरणी, चलाख. नरसव्वाचं नाव हजेरीतून कमी करायचा हुकूम माझ्याकडं आला. मी लाल शाईची रेघ ओढली. नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. म्हटलं नाही. मलाही घरी चार तोंडं होती, आणि हे कारण त्या गिरणीत प्रत्येकाकडं होतं.

शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली नाही. दुपार कलली तेव्हा तिनं नव्या नायकिणीला रिळं दाखवली, कासिमचाचाला लांबूनच हात केला आणि पाळणाघराकडं गेली. मी काहीतरी निमित्त काढून मागून गेलो आणि दारात उभा राहिलो. शेवंता दोन्ही हातांत दोन दोऱ्या धरून दोन पाळणे हलवत होती. पोरं नेहमीसारखी कालवा करत होती. नरसव्वा एकेका पाळण्यापाशी थांबत, आत बघत पुढं चालली होती.

कोपऱ्यातल्या पाळण्यात एक पोर गाढ झोपलं होतं, मूठ गालाखाली घेऊन. नरसव्वा तिथून पुढं गेली नाही. मग वाकली, त्याच्या नाकापाशी हात धरला, आणि त्याच्या तळपायाला करकचून चिमटा काढला.

पोर दचकून उठलं आणि त्यानं टाहो फोडला.

"अवो, काय हे!" शेवंता ओरडली. "आत्ता कुटं झोपलं हुतं ते!"

नरसव्वानं तिच्याकडं बघितलं नाही. पोराचं रडणं तिनं नीट ऐकून घेतलं, आणि मग ती गेली.